जुनी नौका घेताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की, मी वक्ता नव्हे. माझे बोलणे बंदराच्या धक्क्यावर किंवा बर्फाच्या कारखान्याच्या फाटकापाशी होते. तेही उभ्याउभ्या आणि बहुतेक वेळा भांडणाच्या सुरात. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. वडील गिरणगावात साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमचे बिऱ्हाड मुंबईहून गावी आले, ते पुन्हा परत गेलेच नाही. बाराव्या वर्षी मी शाळेऐवजी होडीवर गेलो आणि तळातले पाणी उपसण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे जे काही वाचले ते गावच्या वाचनालयात, दिवाबत्तीनंतर. तेव्हा माझ्या भाषणात आपणांस विद्वत्ता सापडणार नाही. अनुभव मात्र सापडेल, आणि तो मी रोख पैसे मोजून घेतलेला आहे.

चालकांची अपेक्षा होती की, मी ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ अशासारख्या विषयावर बोलावे. मी म्हटले, ‘मला जुनी नौका विकत घेण्याविषयी बोलायचे आहे.’ ते हसले. आपल्यापैकीही काहीजण मनात हसले असतील. या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, कचेरीत काम करणारे आहेत. यांतला कोण उद्या उठून नौका घ्यायला निघणार आहे? पण आपल्या किनाऱ्यावर एक गोष्ट वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. निवृत्त झालेला माणूस भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती आले की, भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्या नौकेत ते घालतो. नवी नौका परवडत नाही, म्हणून जुनी पाहिली जाते. व्यवहार चार दिवसांत उरकतो आणि रडणे पुढे चार वर्षे पुरते. अशी निदान वीस प्रकरणे माझ्यासमोर आलेली आहेत. त्यांतले पहिले माझे स्वतःचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. जुनी नौका म्हणजे वाईट नौका, असे मुळीच नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी इंग्रजांच्या आरमारासाठी जहाजे बांधली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ नावाचे एक सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात लोटले गेले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. दोनशेहून अधिक वर्षे झाली! त्याची मोठी डागडुजी झाली हे खरे, परंतु ज्याची डागडुजी करता येते, ते लाकूड मुळात चांगलेच असले पाहिजे. उलट पाच वर्षांत कुजलेल्या नौकाही मी पाहिल्या आहेत. तेव्हा नौकेचे वय विचारण्यात फारसा अर्थ नाही. ती कशी वागवली गेली, हे विचारावयाचे. आणि ते कोणाला विचारावयाचे, हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. त्याकडे मी शेवटी येतो.

आता आमची हकीकत सांगतो. २००४ सालची गोष्ट. आम्ही पाचजण होतो. चौघे खलाशी आणि पाचवा मी. त्या वेळी मी संघटनेचे काम सुरू करून सातआठ वर्षे झाली होती. आमच्या मनात आले की, जन्मभर दुसऱ्याच्या नौकेवर उचल घेऊन राबण्यापेक्षा पाचांनी मिळून आपली नौका का करू नये? खलाशांचीच नौका! विचार चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो. कोणी गाय विकली, कोणी बायकोच्या पाटल्या मोडल्या, मी माझ्या वाटणीच्या कलमांवर पैसे उचलले. साडेचार लाख रुपये उभे राहिले.

उत्तरेकडच्या एका बंदरात एक नौका विकाऊ असल्याचे दलालाकडून कळले. आषाढ महिना होता. मासेमारी बंद असल्यामुळे सगळ्या नौका किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होत्या. ही एकच शाकारणी काढून, निळा-पांढरा रंग देऊन, नाळेला झेंडूची माळ घालून उभी! आम्ही पाचहीजण पाहातच राहिलो. मालक मोठा गोड बोलणारा. त्याने चहा पाजला, इंजीन सुरू करून दाखवले आणि सांगितले की, ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येते आहे, पण तुम्ही गरीब माणसे, तुमच्या हातात नौका गेली तर मला आनंद आहे.’ संध्याकाळी आम्ही बयाना देऊन मोकळे झालो. आठवड्याने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर खरेदीखत झाले. वास्तविक खलाशांना मी एरवी सांगत असे की, मालक गोड बोलू लागला की खिसा धरून बसा. पण दुसऱ्याला शिकवलेले स्वतःला लागू पडते, हे त्या दिवशी मला सुचले नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

या एका व्यवहारात आम्ही ज्या चुका केल्या, त्या एकेक करून आपल्यापुढे ठेवतो.

पहिली चूक रंगाची. विक्रीपूर्वी दिलेला ताजा रंग म्हणजे नौकेने घेतलेला बुरखा होय. रंगाखाली नवे लाकूड आहे की जुनी लांबी, हे डोळ्यांना कळत नाही. ते कानाला कळते. लहान हातोडी घ्यावी आणि पाण्याखाली राहणाऱ्या प्रत्येक फळीवर वीतवीत अंतराने ठोकत जावे. धड लाकूड टणक वाजते, कुजलेले बद्द वाजते. फणस पिकला की नाही, हे आपण असेच वाजवून पाहतो ना? जेथे आवाज बदलेल तेथे टोच्या दाबून पाहावा. धड लाकडात तो शिरत नाही. कुजलेल्यात लोण्यात शिरावा तसा शिरतो. विकणारा जर म्हणाला, ‘टोच्या लावू नका, रंग बिघडेल,’ तर तेथूनच नमस्कार करून परतावे.

येथे लाकडाचे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण ते पुष्कळांना उलटेच वाटते. लोक समजतात, खारे पाणी नौका कुजवते. खरे पाहता लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात नीट वाढत नाही. नौका कुजते ती पावसाच्या गोड्या पाण्याने. म्हणून तर आपले पूर्वज नौका शाकारून ठेवीत. जेथे पावसाचे पाणी साचते आणि वारा लागत नाही, तेथे कूज सापडते. फलाट आणि बाजूच्या फळ्या जेथे मिळतात तो सांधा, केबिनचे कोपरे, नाळेच्या माथ्यावरची फट, मासे ठेवण्याच्या कप्प्याच्या कडा, या त्याच्या जागा. बूड चकचकीत असेल आणि वरचा सांधा पोखरलेला असेल.

बुडाचा शत्रू निराळा. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. आपण त्याला किडा म्हणतो, परंतु शास्त्रज्ञ सांगतात की, तो शिंपल्याच्या कुळातला आहे. तो अगदी बारीक असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून फळीत शिरतो आणि मग आतल्या आत, लाकडाच्या रेषेने पोखरत वाढत जातो. बाहेर टाचणीएवढे भोक, आत बोटाएवढे बीळ! आपल्यासारख्या उबदार समुद्रात संरक्षण नसलेली फळी तो काही महिन्यांत खिळखिळी करू शकतो. पण पाण्याबाहेर नौका चांगली वाळली की, तो मरतो. गोड्या पाण्यातही तो टिकत नाही. दरवर्षी पावसाळ्यात नौका ओढून, वाळवून, तेलपाणी करण्याचा रिवाज हा काही नुसता विश्रांतीचा रिवाज नव्हे. तेव्हा विचारावे, ‘ही नौका गेल्या तीन वर्षांत दरवर्षी वर घेतली होती काय?’ जी नौका सतत पाण्यात ठेवून राबवली गेली, तिच्या बुडावर दुप्पट संशय घ्यावा.

तिसरी गोष्ट खिळ्यांची. लोखंडी खिळा गंजला की, भोवतालचे लाकूडही काळे व मऊ पडते आणि खिळ्याची पकड सुटते. रंगावर तांबूस ओघळ दिसले किंवा खिळ्यांच्या माथ्यावर एका ओळीत नवी लांबी भरलेली दिसली, तर एकदोन खिळे सुताराकडून उपटून पाहावेत. खिळा मध्येच बारीक झालेला निघाला, तर साऱ्या ओळीची तीच अवस्था समजावी.

आमच्या नौकेवर याहून मोठा बुरखा होता, तो फायबरचा. जुन्या लाकडी बुडावर काचतंतूंचा आणि राळेसारख्या रसायनाचा थर चढवतात. चांगल्या, कोरड्या लाकडावर कुशल कारागिराने तो चढवला तर उपयोगाचा आहे. पण कुजक्या, ओल्या लाकडावर चढवलेले फायबर म्हणजे गळक्या भिंतीवर चिकटवलेला कागद! ओल आत कोंडते, कूज दुप्पट वेगाने वाढते आणि बाहेरून नौका नवीकोरी दिसते. अशा नौकेचे बूड आतून पाहिले पाहिजे. तळाच्या फळ्या उचलून, विजेरी घेऊन, पोटावर सरपटत नाळेपासून सुकाणूपर्यंत जावे. कपडे खराब होतात. आम्ही धुतलेले कपडे घालून गेलो होतो आणि ते तसेच पांढरे घेऊन परतलो.

नौका पूर्णपणे फायबरची असेल तर लाकडाचे नियम लागू पडत नाहीत, पण हातोडी तेथेही चालते. थर सुटलेला असेल तर आवाज पोकळ येतो. बुडावर फोड दिसले तर पाणी थरात शिरले आहे असे समजावे. फलाटावरून चालताना पायाखाली दबल्यासारखे वाटले, तर आतला गाभा गेला आहे.

आता इंजिनाविषयी. मालकाने आम्हांला इंजीन सुरू करून दाखवले, आणि ते एका हाकेला सुरू झाले! आम्ही खूष. नंतर कळले की, आम्ही येण्यापूर्वी अर्धा तास ते चालवून गरम करून ठेवले होते. गरम इंजीन म्हातारे असले तरी उठते. परीक्षा असते ती थंड इंजिनाची. म्हणून प्रथम इंजिनावर हाताचा तळवा ठेवावा. कोमट लागले तर म्हणावे, ‘आम्ही उद्या सकाळी न सांगता येतो.’ मग धूर पाहावा. सुरुवातीचा थोडा धूर सोडून द्यावा. पण नंतरही निळा धूर येत राहिला तर इंजीन वंगण जाळते आहे. भार घातल्यावर काळा धूर आला तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. पांढरा धूर थांबेना तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जाते आहे. वंगणाची पट्टी काढून पाहावी. वंगण दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे आणि खर्च मोठा आहे. आपल्याकडे पुष्कळ नौकांवर मालमोटारीची इंजिने बसवलेली असतात; त्यांत गैर काही नाही, परंतु खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या भागांची झीज तेथे विशेष पाहिली पाहिजे. शेवटी पंख्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून हलवावा. खडखड वाजला तर आतले बूश झिजले आहे आणि तेथूनच पाणीही येणार आहे.

एवढे झाल्यावर नौका पाण्यात घालून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. किनाऱ्यावर बूड दिसते, पाण्यात गळती दिसते. दोन्ही पाहिली पाहिजेत. वाळलेली लाकडी नौका पाण्यात गेल्यावर पहिले एकदोन दिवस पाझरते, फळ्या फुगल्या की ती बंद होते. म्हणून तिसऱ्या दिवशी तळ कोरडा करावा, रात्रभर नौका तशीच ठेवावी आणि सकाळी किती पाणी जमले ते मोजावे. मग आपला तांडेल बरोबर घेऊन चार तास समुद्रात जावे. पावसाळ्यात हे शक्य नसेल तर व्यवहार पावसाळ्यानंतर करावा, किंवा निम्मी रक्कम चाचणीनंतर देण्याचे कागदावर लिहून घ्यावे. ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येते आहे’ या वाक्याला मी आजवर पुष्कळ भ्यालो. ते दुसरे गिऱ्हाईक मी एकदाही पाहिले नाही.

लाकूड आणि इंजीन येथे संपले. पण नौकेचे एक बूड समुद्रात असते, तसे दुसरे बूड कागदात असते, आणि तेही कुजलेले असू शकते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहिले म्हणजे नौका आपली झाली, असे आम्हांला वाटले. तसे होत नाही. यांत्रिक मासेमारी नौकेची नोंदणी असते. ती १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याखाली होत आली आणि २०२५ साली संसदेने त्या जागी नवा कायदा केला. नोंदणीच्या पुस्तकात मालकाचे नाव बदलल्याखेरीज आपण केवळ पैसे दिलेले मनुष्य असतो, मालक नसतो. त्याशिवाय मासेमारीचा परवाना निराळा. तो १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो. नौकेबरोबर परवाना आपोआप येतो असे समजू नये. कोणत्या जाळ्याचा परवाना आहे तेही पाहावे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले. ते जाळे दाखवून कोणी किंमत वाढवू लागला, तर परवाना आधी हातात घेऊन वाचावा. २०२१ साली या कायद्यातील दंड बरेच वाढले आहेत, आणि तो दंड नव्या मालकाच्या खिशातून जातो.

नौकेवर रंगवलेला क्रमांक, पुस्तकातला क्रमांक आणि परवान्यातला क्रमांक एकच आहे ना? इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदीशी जुळतो ना? या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींना २००८ नंतर फार महत्त्व आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका बळकावून आले होते. तेव्हापासून भर समुद्रात कागद तपासले जातात, आणि ज्याचे कागद जुळत नाहीत त्या गरीब तांडेलाचे दिवसच्या दिवस वाया जातात.

मूळ मालक वारला असेल आणि मुलगा नौका विकत असेल, तर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. बहिणींच्या सह्या लोक विसरतात, आणि मग भाऊबीजेला ते प्रकरण बाहेर येते.

याहून अवघड असतो तो कर्जाचा बोजा. आपल्या किनाऱ्यावरील अनेक नौका मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत, राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून बांधल्या गेल्या. अशी नौका कर्ज फिटेपर्यंत गहाण असते. म्हणून संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा. डिझेल आणि बर्फ यांची उधारीही त्यात यावी. आणखी एक न दिसणारा दोर असतो. मालकाने मासळीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि त्या बदल्यात सारी मासळी त्यालाच, त्याच्या भावाने देण्याचे कबूल केलेले असते. कायद्याने हे ऋण नव्या मालकावर येत नसेल. पण धक्क्यावर कायद्याआधी व्यापारी येऊन उभा राहतो. धक्क्यावर दोन दिवस बसून चहा प्यावा, म्हणजे ही माहिती फुकट मिळते.

आता आमच्या हकीकतीचा शेवट सांगतो.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून आम्ही नौका समुद्रात घातली. चौथ्याच फेरीला, किनाऱ्यापासून तीन तासांवर, पंप बंद पडला आणि तळात गुडघाभर पाणी झाले. दोघे बादल्यांनी उपसत होते, तिघे जाळे तोडत होते. जाळे समुद्राला देऊन आम्ही जीव वाचवला. शेजारच्या गावच्या एका नौकेने आम्हांला ओढून आणले आणि त्याबद्दल एक पैसा घेतला नाही. समुद्रावरचा हा धर्म अजून शिल्लक आहे. नौका वर घेऊन फायबर सोलले, तेव्हा आतले लाकूड हाताने कुस्करता येत होते. पुढच्या महिन्यात एका संस्थेची नोटीस आली. नौकेवर जुने कर्ज होते.

आणि त्यानंतर काही दिवसांनी तीन माणसे माझे घर विचारीत आली. त्या नौकेवरचे जुने खलाशी. त्यांचा चार महिन्यांचा पगार मालकाने बुडवला होता. नौका विकली गेली असे कळल्यावर ते माग काढीत नव्या मालकाकडे आले होते. खलाशांच्या पगारासाठी जन्मभर भांडणारा मी! आणि माझ्याच नौकेवर खलाशांचा पगार थकलेला! मी ओशाळलो. त्यांना बसवले, पाणी दिले. त्यांत एक साठीचा म्हातारा होता. नौका कोठे आहे, असे त्याने विचारले. मी झालेला प्रकार सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मागच्या अंगाला, उजव्या बाजूला, तिसरी फळी ना? तीन वर्सं त्याच फळीखालचं पानी उपसतोय मी.’

मी विचारले, ‘काका, मग आम्ही नौका बघायला आलो तेव्हा तुम्ही कुठं होता?’

‘तिथंच होतो की. दोर वळत बसलो होतो. तुमी माझ्या म्होरनं दोनदा गेलात. भाऊ, मला इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का? पन मला कुनी इचारलंच नाय.’

मित्रहो, साडेचार लाख गेले त्याचे दुःख पुढे कमी झाले. हे वाक्य मात्र अजून कमी होत नाही. आम्ही मालकाला विचारले, दलालाला विचारले, इंजिनाच्या मिस्त्रीला विचारले. तिघांचाही विक्रीत वाटा होता. जो माणूस तीन वर्षे त्या नौकेच्या पोटात वाकून पाणी उपसत होता, ज्याच्या बोटांना प्रत्येक फळी ठाऊक होती, त्याच्यापुढून आम्ही दोनदा गेलो. आणि आम्ही कोण? आम्हीही खलाशीच! मी स्वतः बाराव्या वर्षी हेच काम केले होते. पण विकत घेणारे म्हणून गेलो आणि एका दिवसात आमची नजर मालकाची झाली.

तेव्हा जुन्या नौकेची खरी कुंडली मालकाजवळ नसते. ती खलाशाजवळ असते. तिच्यावरच्या दोन खलाशांना शोधून काढावे, मालकाच्या देखत नव्हे, बाजूला बसून विचारावे. दिवसातून किती वेळा पाणी उपसता? भरल्या नौकेत मोठ्या लाटेवर ती कशी वागते? इंजीन शेवटचे कधी उघडले? पगार मिळतो का? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या मालकाने माणसांचा पगार थकवला, त्याने लाकडाला तेल दिले असेल, असे मानण्यास मुळीच आधार नाही. हा माझा अनुभवाचा नियम आहे आणि तो मला अद्याप फसवलेला नाही.

आणि आता हा केवळ शहाणपणाचा प्रश्न राहिलेला नाही. २०१७ साली संसदेने सागरी दाव्यांविषयीचा नवा ॲडमिरल्टी कायदा केला. त्याप्रमाणे नौकेवर काम करणाऱ्यांच्या थकलेल्या पगाराचा बोजा खुद्द नौकेवर बसतो, आणि बोजांच्या रांगेत तो पहिला असतो. नौकेचा मालक बदलला म्हणून तो सुटत नाही. पगार देय झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो राहतो, आणि उच्च न्यायालय त्यासाठी नौका अडकवू शकते. नेपाळातून किंवा परप्रांतातून आलेला, मराठी नीट न बोलणारा खलाशीही हा हक्क बाळगून आहे. तेव्हा खरेदीखताबरोबर प्रत्येक खलाशाची पगार पोचल्याची सही घ्यावी. खलाशाला न्याय मिळतो आणि घेणाऱ्याची झोप शाबूत राहते.

त्या तिघांचे पैसे आम्ही पाचांनी हप्त्याहप्त्याने दिले. कायद्याने त्या वेळी ते आमच्यावर येत होते की नव्हते, हे मी वकिलाला विचारले नाही. म्हाताऱ्याला आम्ही नौका दुरुस्त करताना बोलावून घेतले. सुताराच्या शेजारी बसून त्याने एकेक फळी दाखवली आणि त्याने दाखवलेली एकही फळी चुकीची निघाली नाही. पुढे तो दोन हंगाम आमच्याबरोबर आला. त्या दोन हंगामांत आम्ही थोडे वर आलो, पण संस्थेचे कर्ज आणि आमचे कर्ज अशी दोन ओझी एका नौकेला पेलली नाहीत. २०१० साली आम्ही ती विकायला काढली.

घेणारे तिघे भाऊ आले. आम्हीही तिला रंग दिला असता तर कोणी नावे ठेवली नसती. आमच्यातला एकजण तसे म्हणालाही. त्याच्या बायकोच्या पाटल्या अजून सुटायच्या होत्या. त्याला दोष देण्याची माझी छाती नाही. पण अखेर आम्ही रंग दिला नाही. कोणत्या फळ्या बदलल्या, कोणत्या राहिल्या, इंजीन कधी उघडले, ते सगळे एका कागदावर लिहून त्या भावांच्या हातात दिले. त्यांनी किंमत खाली आणली. आम्हांला अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम मिळाली आणि पाटल्या सुटायला आणखी दोन वर्षे लागली. ती नौका पुढे सहा हंगाम त्या भावांकडे चालली आणि एकदाही कोणाच्या जिवावर बेतले नाही, एवढे मला ठाऊक आहे.

आपल्यापैकी कोणी नौकेत पैसे घालणार असेल तर माझी एवढीच विनंती आहे की, सारी पुंजी खरेदीत ओतू नका. निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी मागे ठेवा. घाई करू नका. हातोडी, टोच्या आणि विजेरी बरोबर न्या. कागद वकिलाला दाखवा. आणि धक्क्यावर दोर वळत बसलेला कोणी म्हातारा दिसला, तर त्याच्यापुढून तसेच निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा.